निंदणाला जाताना हात झाका

तेलंगणातल्या निर्मल जिल्ह्यात, मुधोळ-भैंसा पट्ट्यात कपाशीत निंदायला, वेचायला निघालेल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. सवय उत्तम आहे. बोंडाची वाळलेली टोकं हात ओरबाडतात. त्याहून वाईट गाजरगवत. १९५५च्या सुमारास पुण्यात नोंदलेल्या या तणातल्या पार्थेनिन या रसायनामुळे खाज, पुरळ, चट्टे उठतात. ॲलर्जी एकदा जडली की पुढे जरासा स्पर्शही पुरतो.

शर्ट नसेल तर जुन्या सुती कापडाच्या सैल बाह्या शिवा. दंडाला, मनगटाला इलॅस्टिक, खालचं टोक हातमोज्यावर. रोज वेगळ्या धुवा. फवारणीला मात्र त्या पुरेशा नाहीत. औषधाने भिजलेलं कापड विष कातडीत मुरवतं. भिजल्या तर लगेच उतरवा, हात साबणाने धुवा.