आत्ती, जामीन राहतीस काय?

२०२५च्या दसऱ्यानंतरच्या रविवारी माहेरी गेले, तर ओसरीवर गुळगुळीत कागदाची तीन-चार माहितीपत्रकं पसरलेली. भाचा त्यातल्या एका पांढऱ्याशुभ्र पिकअपवर बोट ठेवून आईला काहीतरी समजावत होता आणि माझा धाकटा भाऊ दुसरीकडे तोंड करून सुपारी कातरत बसला होता. चहा यायच्या आधीच भाच्याने विषयाला हात घातला. "आत्ती, जामीन राहतीस काय?"

पगारदार आत्याला हा प्रश्न आयुष्यात कधीतरी येतोच. त्यातून मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे पैशातलं मला कळतं असा घरात एक गोड समज आहे. तो कितपत खरा, हे माझ्या गृहकर्जाला विचारावं! पण जामीन म्हणजे सही, आणि सही म्हटली की मी हिशेबाची वही मागते.

आमचं माहेर बेळगावच्या उत्तरेला, कडोलीच्या बाजूला. कोबी, फ्लॉवर, बीन्स, बटाटा, मिरची ही तिकडची पिकं. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. रात्री माल भरायचा, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत साखळी, म्हापसा नाहीतर पणजी गाठायची. बेळगाव ते पणजी सुमारे सव्वाशे किलोमीटर; पण त्यातला घाटाचा तुकडाच गाडीचा आणि चालवणाऱ्याचा कस पाहतो. आमच्याकडची जुनी गाडी पावसाळ्यापूर्वी भंगारात गेली, तेव्हापासून माल भाड्याच्या गाडीने जात होता. भाच्याला स्वतःची गाडी हवी होती, आणि हवी होती ती नवीच.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किमती उतरल्या होत्या. नव्या गाडीला कंपनीची हमी असते. कर्ज लवकर मिळतं आणि व्याजही कमी. पासिंगची कटकट नाही: नव्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी, मग ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. शिवाय एक कारण तो माझ्यापुढे बोलला नाही, ते भावजयीने आत चुलीपाशी सांगितलं. शेतकरी मुलाला मुलगी द्यायला आजकाल कोण तयार होत नाही; दारात नवी गाडी दिसली तर पाहुणे निदान चहा तरी घेतात. हे कारण हिशेबात कुठे मांडायचं, ते मला अजून कळलेलं नाही. पण ते नाही असं समजून केलेला हिशेब खोटा, एवढं नक्की.

एक गैरसमज मात्र मी तिथेच काढला. "जीएसटी परत मिळतो म्हणे," असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ज्याच्या विक्रीवर कर लागतो त्याला तो वळता करून घेता येतो. ताज्या भाजीवर करच नाही, तर वळता कशातून करणार?

भाऊ जुन्या गाडीच्या बाजूचा. पण बोलायची त्याला चोरी होती, कारण आमच्या घरात जुन्या गाडीला एक इतिहास आहे.

२०१३ साली त्याने सीमेपलीकडून, चंदगड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून पिकअप घेतली. स्वस्त मिळाली. नंबर एमएच-०९. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ इकडे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इकडचा कर भरायचा. मधला एजंट म्हणाला, "कशाला खर्च करतोस? सही केलेले कोरे फॉर्म ठेव, पुढं बघू." ते पुढं कधी आलंच नाही. शेतं बांधाला बांध लागून, सोयरिकी इकडून तिकडे. नंबरप्लेट तेवढी दोन राज्यांची. आमच्या भागात अशा गाड्या किती फिरतात, ते कुणाला सांगायला नको.

२०१६ मध्ये त्या गाडीची धडक एका मोटारसायकलवाल्याला बसली. पाय मोडला, माणूस वाचला. पण विम्याची मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपलेली होती, हे त्या दिवशी लक्षात आलं. पुढे दावा दाखल झाला आणि नोटीस गेली ती गाडी ज्याच्या नावावर त्याला. एके दिवशी सकाळी ते चंदगडचे तात्या ती नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या ओसरीच्या कडेला येऊन बसले. पाणीसुद्धा घेईनात. "माझं काय चुकलं, बाई? मी गाडी विकली, पैसं घेतलं, किल्ली दिली." मला त्यांना उत्तर देता आलं नाही, कारण कायद्याच्या नजरेत मालक तेच होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात हे स्पष्ट केलं: गाडी मधे कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. आमचं प्रकरण लोकअदालतीत मिटलं. तात्यांना पैसे पडू द्यायचे नाहीत एवढी लाज भावाला होती, म्हणून भावजयीच्या पाटल्या गेल्या. तात्या पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

त्यामुळे भाचा "नवीच" म्हणत होता, त्यात हौसेइतकीच भीतीही होती. त्या वेळी तो शाळेत होता. पण पाटल्या त्याला आठवत होत्या.

तरीही मी वही मागितली. भावाची खेपांची वही होती. पावसाळ्याचे आणि उन्हाळ्याच्या शेवटाचे मिळून चार महिने सोडले तर महिन्याला सरासरी तेरा खेपा. त्या चार महिन्यांत पाचेक. आपला माल आणि शेजाऱ्यांचा भाड्याचा माल मिळून, डिझेल, हमाली, वाटेतला चहा वजा जाता खेपेला दोन हजार सुटतात असं धरलं. वर्षाचे झाले २ लाख ४८ हजार. भाचा स्वतः चालवणार, म्हणून ड्रायव्हरचा पगार नाही.

नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख. हातात दोन, कर्ज आठ. १० टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १७ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४ हजार. विमा पस्तीस हजारांच्या आसपास सांगितला होता. हातात राहतात नऊ हजार. त्यात टायर, सर्व्हिसिंग आणि घर. आणि ही झाली वर्षाची सरासरी. जुलैत दहा हजार मिळणार आणि हप्ता सतराचाच जाणार. बँकेला घाटातल्या दरडीशी काही देणंघेणं नसतं.

चार-पाच वर्षं वापरलेली गाडी पाच लाखांपर्यंत. हातात तेच दोन, कर्ज तीन. जुन्या गाडीला व्याज जास्त. १५ टक्के धरले. तीन वर्षांचा हप्ता १० हजार ४००, वर्षाला सव्वा लाखाच्या आत. म्हणजे विमा, दुरुस्ती जाऊनही काही उरतं.

भाच्याने वही आपल्याकडे ओढली आणि माझ्या अर्थशास्त्राला गप्प करील असा प्रश्न विचारला. "आणि गाडी घाटात बंद पडली तर?" बाराशे किलो बीन्स, किलोला तीस रुपये धरले तर छत्तीस हजारांचा माल. एक खेप सडली की नव्या-जुन्याच्या हप्त्यातला पाच महिन्यांचा फरक गेला. वर गोव्याचा व्यापारी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून माल घेतो, तो तोटा वेगळाच. वर्गात मी हेच शिकवते, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, जुनी घ्यायची असेल तर हप्त्यातला वाचलेला पैसा आपला समजायचा नाही. महिन्याला पाच हजार सोसायटीतल्या वेगळ्या खात्यात टाकायचे, गाडी नीट चालत असली तरी टाकायचे. ते घरात खर्च होणार असतील तर नवीच घ्या, निदान हमी तरी मिळेल. दूध नाहीतर पाव वाहण्याचं बारमाही काम असतं, महिन्याला पंचवीस खेपा बांधलेल्या असत्या, तर मी डोळे मिटून नव्या गाडीला जामीन राहिले असते. अशा कामात एका दिवसाचा खाडाही परवडत नाही आणि हप्ताही आपोआप निघतो. आमच्या तेरा आणि पाच खेपांना नवी गाडी पेलणारी नव्हती. छोटा हत्तीही पाहिला होता. तो स्वस्त खरा, पण पाऊण टन मालाला. सव्वा टन भरायची आमची सवय काही सुटणार नव्हती.

मग जुन्या गाड्या पाहणं सुरू झालं. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. २००१ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं की, गाडीचा दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळ्यांना सरासरी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकायला मालक नाखूश, म्हणून बाजारात रद्दी उरत जाते. अशा फसव्या गाडीला अमेरिकेत लिंबू म्हणतात. आपण ते बंपरला बांधतो, एवढाच फरक.

आमचा मिस्त्री अॅकरलॉफ न वाचता हे जाणतो. त्याने पहिलीच अट घातली: आम्ही पोचेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. बॉनेटला हात लावून गार असल्याची खात्री करायची, मगच किल्ली फिरवायची. गरम करून ठेवलेल्या इंजिनाचे दोष दिसत नाहीत. पहिली गाडी बाहेरून नव्यासारखी रंगवलेली. तो पाठीवर आडवा होऊन खाली सरकला, पान्ह्याने चासीवर दोन ठिकाणी ठोकलं आणि बाहेर येऊन हौद्याचा वास घेतला. "मासळीची गाडी," म्हणाला. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून चासीवर ठिबकत राहतं आणि लोखंड आतून खातं. रंगाच्या खाली पापुद्रे सुटले होते. गोव्याला भाजी जाते आणि तिकडून मासळी येते, तेव्हा आपल्या भागात गाडी घेताना हा वास घ्यायलाच हवा. दुसऱ्या गाडीच्या पाट्यात एक पान जास्त घातलेलं. मिस्त्री म्हणाला, हिने आयुष्यभर दुप्पट वजन उचललंय. मीटरवर साठ हजार किलोमीटर, आणि क्लचच्या पॅडलचं रबर झिजून पत्रा दिसत होता. ऑईलचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं, तर भसाभसा धूर. तिथून आम्ही चहा न घेता निघालो.

तिसरी गाडी बेळगावातल्याच एका हार्डवेअरवाल्याची, २०२१ची, केए-२२. त्याने धंदा आवरता घेतला होता. पहिला मालक तोच. टायर सारखे झिजलेले, इंजिन गार असताना पहिल्या झटक्यात सुरू. मिस्त्री तिला घेऊन घाटात गेला नाही, पण भरलेल्या गाडीनिशी काकतीच्या चढावर क्लच आणि ब्रेक तपासून आला. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणाऱ्या यंत्रणा नाजूक असतात. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत त्या काजळीने तुंबतात, म्हणून कॉम्प्युटर लावूनही पाहिलं. सौदा ४ लाख ९० हजारांना ठरला.

सही करण्यापूर्वी माझी एकच अट होती. गाडी भाच्याच्या नावावर झाल्याशिवाय तिने पहिली खेप करायची नाही. कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं आणि विमा बदलून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. आम्ही आधीच मोबाईलवर सगळं पाहून घेतलं: मालक कितवा, विमा-फिटनेसच्या तारखा, दंडाची चलनं. दोन चलनं निघाली, ती विकणाऱ्याने भरली. त्याच्या कर्जाचा बोजा उतरल्याचा बँकेचा फॉर्म मी स्वतः वाचला. भाऊ म्हणाला, "आक्का, एवढं कशाला? आपल्याच गावातला माणूस आहे." मी काहीच बोलले नाही. भावजय आतून म्हणाली, "तात्यापण आपलेच होते की."

पुढचे तीन आठवडे गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी. भाचा रोज पुसायचा आणि रोज मला फोन करून आरटीओचं काय झालं विचारायचा, जणू मीच तिथली साहेब. माल मात्र भाड्याच्या गाडीने जात राहिला आणि ते भाडं माझ्या अटीच्या नावाने घरात मोजलं जात होतं, हे मला माहीत आहे.

अखेर कार्ड पोस्टाने आलं. त्याचा फोन आला, आवाज पडलेला. "आत्ती, इंग्लिशमध्ये आडनावाचं एक अक्षर चुकलंय. आता काय?"

"गाडीचा नंबर, चासी नंबर जुळतोय?"

"होय की."

"मग अर्ज देऊन ये, आणि आज माल भर."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या आत साखळीहून फोन आला. कोबीला भाव बरा होता.