दारू सोडल्यानंतरचे पहिले आठवडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील काजूच्या दारूच्या भट्ट्या उन्हाळ्यात पेटतात आणि त्याच सुमारास शिगम्याचा सणही येतो, त्यामुळे दारू सोडू पाहणाऱ्याच्या वाट्याला आमंत्रणे आणि आग्रह अधिकच येतात. मात्र आग्रहापेक्षा घातक आहेत त्या घरोघरी रुजलेल्या समजुती.

त्यांतील सर्वांत धोकादायक समजूत अशी की, मन घट्ट केले की दारू आजच्या आज बंद करता येते. मद्य मेंदूची क्रिया मंदावते आणि वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू तो दाब तोलण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की दाब जातो आणि उत्तेजना तेवढी उरते. त्यातून होणाऱ्या त्रासाला ‘विथड्रॉवल’ची लक्षणे म्हणतात. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हा तीव्र भ्रम होतो, ज्यात ताप चढतो, दिवसरात्रीचे भान सुटते आणि नसलेली माणसे किंवा किडे दिसू लागतात. हा प्रकार बाहेरची बाधा समजून रुग्णाला घाड्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेण्यात जाणारा वेळ जीवघेणा ठरू शकतो, कारण उपचार न झाल्यास यात मृत्यू संभवतो. म्हणून पूर्वी फिट आलेल्याने, किंवा सकाळी हात स्थिर करण्यासाठी प्यावी लागणाऱ्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी. तेथे डायझेपामसारखी औषधे ठरावीक मात्रेत देऊन काही दिवसांत कमी केली जातात आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, दिले जाते. ‘एक सलाइन लावली की झाले’ हा समजही येथेच खोटा ठरतो, कारण थायमिनची कमतरता असताना सलाइनमधून नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होण्याची भीती असते.

फेणी सोडून हुर्राकवर, म्हणजे काजूच्याच कमी तीव्रतेच्या दारूवर, यावे, ती हलकी असते, हा सल्ला गोव्यात सहज दिला जातो. हिशेब मात्र वेगळा आहे: सुमारे ४३ टक्क्यांच्या ३० मिलिलिटर फेणीत जवळजवळ १० ग्रॅम मद्यार्क असतो, तर १५ टक्क्यांची हुर्राक ९० मिलिलिटर घेतली तरी तेवढाच पोटात जातो, आणि लिम्का व मिरची घातलेला हुर्राकचा पेला एकावर थांबतो असे क्वचितच घडते.

आठवडा लोटला म्हणजे माणूस बरा झाला, असेही घरच्यांना वाटते. शारीरिक लक्षणे बहुधा आठवड्यात ओसरतात हे खरे, पण तुटक झोप, चिडचिड आणि उदासी कित्येक आठवडे रेंगाळू शकते. ती नाटके नसतात. तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते, म्हणून तेवढा वेळ जेवणात, चालण्यात किंवा कोणाशी बोलण्यात काढणे उपयोगी पडते. जेवणात डायसल्फिरामसारखे दारू सोडवण्याचे औषध गुपचूप मिसळण्याचा उपाय मात्र टाळावाच, कारण डायसल्फिरामवर असलेल्या व्यक्तीने नकळत दारू घेतल्यास रक्तदाब घसरून प्राणावर बेतू शकते. एकदा पाय घसरला म्हणजे सारे फुकट गेले, हाही गैरसमजच. त्या दिवशीच डॉक्टरांना गाठणे महत्त्वाचे.

आणि गोव्यात यावर उपाय नाही, असे तर मुळीच नाही. ‘संगाथ’ या संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेल्या, ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रकाशित झालेल्या अभ्यासात, मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीने ३६ टक्के जणांचे घातक मद्यपान तीन महिन्यांत आटोक्यात आले, तर केवळ सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हा अभ्यास घातक प्रमाणात पिणाऱ्यांचा होता, पूर्ण व्यसनाधीनांचा नव्हे. व्यसनाधीनांसाठी बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारपूस करता येते, १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, आणि फिट आली किंवा भ्रम सुरू झाला तर वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.