बावटा आणि उड्डाण

वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेल्या विजयदुर्ग बंदरात वादळाचा बावटा चढला, की होड्या खाडीतच थांबतात. विमानासाठी असा एकच बावटा नसतो. याच जिल्ह्यात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. भर पावसाळ्यात अशा किनारी विमानतळाकडे निघायचे की नाही, हे वैमानिक आणि जमिनीवरचा डिस्पॅचर यांच्या बोलण्यातून ठरते. डिस्पॅचर हवामानाच्या नोंदी व अंदाज पाहून मार्ग, पर्यायी विमानतळ आणि इंधन यांचा आराखडा करतो. मुक्कामापर्यंतचे इंधन, तिथून पर्यायी विमानतळ गाठण्याचे इंधन आणि त्याउपर ३० मिनिटांचा अखेरचा साठा त्यात धरलेला असतो. वैमानिक तो तपासतो, शंका आली तर जादा इंधन मागतो. अमेरिकेत तर नियमानेच दोघे मिळून जबाबदार असतात.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला पावसात दुसऱ्या प्रयत्नात उतरलेले विमान धावपट्टीपलीकडे कोसळले आणि २१ जण दगावले. दुसरीकडे वळण्याइतके इंधन त्यात होते, असे चौकशीत आढळले. म्हणून इंधनाच्या आकड्याइतकेच, कोणत्या क्षणी मागे वळायचे हेही दोघांनी निघण्यापूर्वी स्पष्ट बोलून ठेवणे गरजेचे आहे.