लाखोळीचा दोष आणि विकरांचे काम

आम्हां नागपूरकरांना लाखोळी परकी नाही. भंडाऱ्याकडे धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर ती फेकून पेरतात. मात्र रेव्याकडे मजुरीतही हीच डाळ मिळणारे वेठबिगार महिनोन्‌महिने तिच्यावरच जगत आणि त्यांचे पाय ताठरून कायमचे अधू होत. महाराष्ट्रात १९६१ साली तिच्यावर बंदी आली. हा दोष नेमका कशाचा?

पेशींतील रासायनिक घडामोडी विकरे, म्हणजे एन्झाइमे, घडवून आणतात. प्रथिने फोडून त्यांतील २० प्रकारची अमिनो आम्ले मोकळी करणे आणि त्यांतून नवी प्रथिने बांधणे हे त्यांचेच काम. लाखोळीच्या रोपातील एक विकर मात्र या विसांबाहेरचे 'ओडॅप' हे आम्ल बनविते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व सरमा यांनी १९६४ साली ते वेगळे काढून ओळखले. ते ग्लुटामिक आम्लासारखे दिसते; मज्जापेशी त्याला फसतात आणि अतिउत्तेजित होऊन मरतात.

पेशींचे रक्षण करणारे ग्लुटाथायोनही विकरेच घडवितात. त्यासाठी गंधकयुक्त सिस्टीन लागते आणि लाखोळीत नेमकी गंधकयुक्त आम्ले थोडी. भात-ज्वारी, दूध, अंडी ही उणीव भरून काढतात. डाळ भिजवून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिल्यास ओडॅपही बरेच घटते. पण दुष्काळात पाणी आणि सरपण आणावे कोठून?

म्हणून आम्हांस वाटते, दोष एकट्या डाळीचा नव्हे. ताटात तिच्याजोडीला दुसरे काही नसणे, हाच मोठा दोष आहे.