गाडी सुटते, धडधड सुटत नाही

सकाळी विरारच्या प्लॅटफॉर्मवर गाडी आत येताना दिसली की अख्खी गर्दी एक पाऊल पुढे सरकते. गाडी नीट थांबायच्या आत निम्मे लोक आत असतात. नालासोपाऱ्याची मंडळी तर सीटसाठी आधी उलटी विरारला येतात. चर्चगेटपर्यंतचे साधारण ६० किलोमीटर बसून काढायचे की लटकून, हे त्या काही सेकंदांत ठरतं. वाघ मागे लागल्यावर शरीर जे करतं, तेच ते इथेही करतं. कारण शरीराला वाघ आणि विरार फास्ट यांतला फरक फारसा कळत नाही.

पहिलं काम चेतासंस्थेचं. डोळ्यांनी गर्दी पाहिली, मेंदूने धोक्याचा शिक्का मारला आणि निरोप मज्जारज्जूतून खाली निघाला. आपल्या सगळ्यात वेगवान चेतातंतूंमधून निरोप सेकंदाला १०० मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. आपली लोकल या स्पर्धेत नाहीच. सगळे तंतू मात्र इतके फास्ट नसतात. गर्दीत कुणी पाय तुडवला की आधी झटकन चटका बसतो आणि एक-दोन सेकंदांनी खरा ठणका सुरू होतो, आठवतंय? चटका फास्टने येतो, ठणका स्लोने. ठणक्याचे तंतू सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतात.

याच निरोपाची एक शाखा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडे जाते आणि त्या रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धावतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, तळहातांना घाम येतो, पचनाचं काम मागे पडतं. व्हायव्हाच्या आधी पोटात येणारा गोळा तो हाच. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या सगळ्याचं वर्णन ‘लढा किंवा पळा’ असं केलं. लेडीज डब्याच्या दारात उभं राहून बघा, दोन्ही एकाच वेळी चालू असतं.

ॲड्रेनलिन काही मिनिटांत ओसरतं. पण मागून दुसरी गाडी येत असते, स्लो. मेंदूतला अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला कळवतो, ती रक्तातून अधिवृक्क ग्रंथीला कळवते आणि मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढायला लागतं. ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते सगळ्यात वर असतं. म्हणजे चढाईची मारामारी विरारला झाली, तर कॉर्टिसॉलचा कळस मीरा रोड-दहिसरच्या आसपास. तोवर तुम्हाला सीट मिळालेली असते, कानात इअरफोन असतात, वरवर सगळं शांत असतं. आत मात्र अजून काम चालू आहे.

हे थांबतं कसं? बिल्डिंगच्या टाकीतला बॉल आठवा. पाणी चढलं की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. तसंच कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूला ‘बस’ म्हणून सांगतं आणि पुढचा पुरवठा कमी होतो. फारच हुशार व्यवस्था. फक्त तिला रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, अपुऱ्या झोपेवर राबवलं की बॉल नीट बसेनासा होतो.

झोपेचं गणित तर आपण स्वतःच बिघडवतो. अंधार पडला की मेंदूतली छोटीशी पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. त्यातून शरीराला रात्र झाल्याचं कळतं. रात्री एकपर्यंत डोळ्यांसमोर मोबाइलचा उजेड धरला की तो निरोप उशिरा पोचतो. आणि साडेचारचा अलार्म काही उशिरा वाजत नाही.

एका गोष्टीवर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. लोकलमध्ये टॉयलेट नसतं, म्हणून कितीतरी मुली घरून निघताना पाणीच पीत नाहीत. रक्त एखाद टक्का जरी घट्ट झालं तरी अधश्चेतकाला ते कळतं. मग तिथे तयार होणारं एक संप्रेरक पीयूषिकेतून रक्तात येतं आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतं. सोबत तहान लागते, लघवी कमी आणि गडद पिवळी होते. शरीर तुमच्यासाठी रेशनिंग करतं, पण त्यालाही मर्यादा आहे. पाणी न पिणं आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवणं रोजचंच झालं, तर लघवीच्या मार्गातल्या इन्फेक्शनला आमंत्रण मिळतं. मुलींनी हे ‘मॅनेज’ करायचं आणि स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था कुणी बघायची नाही, हा हिशोब मला तरी पटत नाही.

पाळीचंही तसंच. पाळीचं चक्र सुरू ठेवणारा पहिला इशारा अधश्चेतकातूनच निघतो. सततचा ताण, न केलेला नाश्ता, झपाट्याने घटलेलं वजन हे सगळं बघून तो इशारा मंदावतो. परीक्षेच्या महिन्यात पाळी पुढे जाते ती त्यामुळेही.

गंमत अशी, की एवढं वाचून सगळ्यावर ‘टेन्शन आहे’ असं लेबल लावून मोकळं व्हायचा मोह होतो. घरचेही तेच म्हणतात. पण थायरॉइड म्हणजे गळ्यातली अवटू ग्रंथी जास्त काम करायला लागली, तरीही छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते आणि भरपूर खाऊनही वजन उतरतं. ती मंदावली तर उलट थकवा, वाढतं वजन, थंडी वाजणं. बाहेरून बघता टेन्शन आणि थायरॉइड यांत गल्लत सहज होते. सुट्टीच्या दिवशी, घरी निवांत बसल्यावरही धडधड होत असेल किंवा तीन महिने पाळी आलेली नसेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. थायरॉइडची पहिली तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘टीएसएच’ म्हटलं की कळतं.