फोनची बॅटरी म्हातारी का होते, आणि ते लांबवायचं कसं

हा एपिसोड ऐकताय म्हणजे फोन हातात नाहीतर खिशात आहेच. जरा वर कोपऱ्यात बघा, बॅटरी किती टक्के आहे? आणि आता आठवा, फोन नवीन होता तेव्हा याच वेळेला किती असायची. फोन तोच, ॲप्स साधारण तीच, तुम्हीही तेच. मग तेव्हा रात्रीपर्यंत चालणारा फोन आता दुपारी चारलाच चार्जर का मागतो?

मी अँड्रॉइड ॲप्स बनवतो, त्यामुळे बॅटरी खाणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत. पण आज मला जास्त बोलायचंय ते बॅटरीच्या आत काय होतं त्यावर. कारण यूट्यूबवरच्या ‘बॅटरी टिप्स’मध्ये दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलेली असते. एका चार्जमध्ये दिवस काढणं ही एक गोष्ट, आणि बॅटरी तीन-चार वर्षं धडधाकट राहणं ही दुसरी. डार्क मोडने पहिलं साधेल, दुसऱ्याशी त्याचा फारसा संबंध नाही. आणि ८०% वर चार्जिंग थांबवलं तर दुसरं साधतं, पण त्या दिवसापुरता पहिल्याला चटका बसतो.

आधी आतलं बघू. आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या कामासाठी २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, त्यांची बॅटरी मात्र उत्तम होती! असो. आत एका बाजूला ग्राफाइट असतं, दुसऱ्या बाजूला लिथियम असलेलं ऑक्साइड. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटकडे जातात, फोन वापरताना परत येतात. दोन डेपोंमध्ये एसटीच्या गाड्या फिराव्यात, तसं.

आता गंमत अशी की ग्राफाइटवर पहिल्या चार्जपासूनच एक पातळ थर जमतो. तो लागतोच, त्याच्याशिवाय बॅटरी नीट चालणार नाही. पण तो थर हळूहळू जाड होत राहतो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. म्हणजे काही गाड्या डेपोत उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. वेळापत्रक तेच, गाड्या कमी. तुमचा फोन १००% दाखवतो तेव्हा तो उरलेल्या गाड्यांचे १००% दाखवत असतो.

हा थर कशाने वाढतो? प्रामुख्याने दोन गोष्टींनी: उष्णता, आणि बॅटरी भरलेली असताना असणारा जास्त व्होल्टेज. दोन्ही एकत्र आले की मग विचारूच नका. ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या जुन्या, इंजिनिअर लोकांत प्रसिद्ध असलेल्या साइटवर एक तक्ता आहे. बॅटरी ४०% चार्ज करून २५ अंशात वर्षभर नुसती ठेवली, तर तिची ९६% क्षमता उरते. पूर्ण भरून त्याच तापमानात ठेवली तर ८०%. आणि पूर्ण भरून ४० अंशात ठेवली तर ६५%. लक्षात घ्या, ही बॅटरी कुणी वापरलेलीच नाही. नुसती पडून राहिली आणि वर्षात एक तृतीयांशाहून जास्त संपली.

म्हणून ‘सारखा सारखा चार्जिंगला लावू नकोस, बॅटरी खराब होते’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य विसरा. पूर्ण संपवून मगच भरायची, हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. आपल्या वडिलांच्या पिढीने तो शिकला, तेव्हा तो बरोबरच होता. लिथियमला उलट शून्यावर जाणं आवडत नाही. शिवाय एक ‘सायकल’ म्हणजे एकूण १००% वापर: आज ५०%, उद्या ५०%, झाली एक. दिवसातून तीनदा थोडं थोडं चार्ज करा, बिनधास्त.

रात्रभर चार्जिंगचं काय? फोन १००% झाला की चार्जिंग थांबवतो, ‘ओव्हरचार्ज’ होऊन फुटत वगैरे नाही. अडचण ही की रात्री एकला भरलेली बॅटरी सकाळी सातपर्यंत भरलेल्याच अवस्थेत बसते, आणि बऱ्याच जणांकडे ती उशीखाली बसते. यावर उपाय फोनमध्येच आहे. आयफोन १५ आणि त्यानंतरचे, सॅमसंग, पिक्सेल, यांत ८०% ची मर्यादा लावता येते. इतर फोनमध्येही सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली चाळून बघा, वेगवेगळ्या नावांनी काहीतरी सापडतं. दिवसभर घरी किंवा ऑफिसात चार्जरजवळ असाल तर ८०% लावून टाका. प्रवासाच्या दिवशी काढा. त्यात पाप नाही.

फास्ट चार्जिंगला लोक उगाच व्हिलन करतात. फोन सुरुवातीला वेगाने भरतो आणि भरत आला की स्वतःच वेग कमी करतो. त्रास होतो तो उष्णतेचा. त्यामुळे चार्जिंगला लावून बीजीएमआय खेळणं हा माझ्या मते सगळ्यात वाईट प्रकार. निदान कव्हर तरी काढा.

पण मला खरी काळजी वाटते ती एका वेगळ्या वापराची. माझा मावसभाऊ अकोल्यात डिलिव्हरीचं काम करतो. मे महिन्यात, भर दुपारी. फोन हँडलच्या होल्डरला, उन्हाकडे तोंड करून. ब्राइटनेस पूर्ण, जीपीएस चालू, नेट चालू, आणि खालून गाडीच्या यूएसबीने चार्जिंग. ॲपल स्वतः सांगतं की ३५ अंशांवरच्या तापमानात बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. अकोल्यात मे महिन्यात सकाळी दहाच्या आतच पस्तीस ओलांडतं, तेही सावलीत! वर फोनची स्वतःची गरमी, चार्जिंगची गरमी, काळं कव्हर. स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग मधेच थांबतं. त्याला वाटायचं फोन बिघडलाय. फोन बिचारा जीव वाचवत असतो.

त्याला फोन जपून वापर म्हणून सांगण्यात अर्थ नाही. फोन बंद म्हणजे ऑर्डर बंद, त्या दिवसाची कमाई बंद. म्हणून आम्ही बसून चालण्यासारखं काढलं. शहरातले रस्ते त्याला पाठ आहेत, मॅप शेवटच्या गल्लीपुरता लागतो. म्हणजे तोवर स्क्रीन बंद आणि फोन होल्डरऐवजी सावलीत, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. चालत्या गाडीवर उन्हात चार्जिंग नाही. हॉटेलपाशी ऑर्डरची वाट बघताना, सावलीत, पॉवर बँकेने पंधरा-वीस मिनिटं. ७०-८० झालं की काढायचं. फोन तापला तर कव्हर काढून वाऱ्याला धरायचा. फ्रिजमध्ये कधीच नाही, आत दव धरतं आणि मग बॅटरीऐवजी बोर्डच जातो.

आता दिवस काढण्याचं थोडक्यात. सगळ्यात दुर्लक्षित खाऊ म्हणजे कमकुवत नेटवर्क. टॉवर लांब असला की फोन जोर लावून ओरडतो. कर्जत-लोणावळा घाटात, बोगद्यांमध्ये बॅटरी झरझर उतरते ती यामुळे. तेवढा वेळ एअरप्लेन मोड लावा, एपिसोड आधीच डाऊनलोड करून ठेवा (हो, आमचासुद्धा). डार्क मोडचा फायदा ओएलईडी स्क्रीनवरच, एलसीडीवर मागचा दिवा जळतच असतो. आणि तिथेही परड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं, तर ब्राइटनेस ३० ते ५०% असताना बचत जेमतेम ३ ते ९%, पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७%. म्हणजे ब्राइटनेस कमी करणं हाच मोठा उपाय.

आणि ती ॲप्स सारखी वर सरकवून बंद करायची सवय! मी हे बनवणारा माणूस म्हणून सांगतो, नेहमीचं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायलाच जास्त काम लागतं. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये कुठलं ॲप बॅकग्राउंडला किती खातंय ते बघा, आणि ज्याला गरज नाही त्याची लोकेशनची परवानगी काढा. ‘बॅटरी सेव्हर’, ‘क्लीनर’ नावाची ॲप्स टाकू नका, ती बहुतेक वेळा जाहिराती दाखवण्यात तुमचीच बॅटरी खर्च करतात.

एवढं करूनही बॅटरी थकणारच. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेल्ससाठी ॲपल ५०० सायकलनंतर ८०% क्षमता उरेल असं सांगत होतं, १५ पासून १००० सांगतं. युरोपियन युनियनने २० जून २०२५ पासून ८०० सायकलनंतर ८०% हा नियमच केला. आपल्याकडे तसा नियम नाही. फोनमध्ये बॅटरी हेल्थ ८०% च्या खाली दिसली आणि बाकी फोन ठीक असेल, तर नव्या फोनचा ईएमआय सुरू करण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलण्याचा भाव विचारा.

फक्त एका बाबतीत थांबू नका. मागचं पॅनल किंवा स्क्रीन उचलल्यासारखी वाटली, तर आत बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच बंद, फोन स्विच ऑफ. दाबून बसवायचा प्रयत्न नाही, टाचणी तर मुळीच लावू नका. तसाच सर्व्हिस सेंटरला न्या, आणि काढलेली बॅटरी ई-कचऱ्यातच द्या, घंटागाडीत नको.

चला, माझा लॅपटॉप १२% वर आलाय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!