आधी वासरं, मग गाई
अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्सच्या गवताळ माळांवर वसंतात दूध तोडलेली, दोन-अडीचशे किलोंची वासरं चरायला सोडतात. चांगल्या गवतावर वासरू दिवसाला पाऊण-एक किलो वजन धरतं. काही महिन्यांत ती विकली जातात. नवख्याने गाईंचा कळप उभारण्याआधी असे एक-दोन हंगाम काढावेतच. गाय सुमारे 283 दिवस गाभण, पुढे वासरू आईपासून तुटायला सहा-सात महिने. म्हणजे पैसा दिसायला जवळपास दीड वर्ष. वासरांच्या हंगामात कुंपण, पाणवठा, गवताचा अंदाज कळतो. गवत आटलं तर वासरं लवकर विकता येतात. जोपासलेल्या गाई विकताना जीव तुटतो. पहिले दोन-तीन आठवडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं: बाजार आणि प्रवासाने शिणलेल्या वासरांना फुप्फुसाचा आजार बहुधा तेव्हाच गाठतो.